जावयाच्या चपलांमधली खुंटी

गेल्या वर्षी कुरुंद्याला सासऱ्यांनी हळदीच्या वावरात प्लास्टिकची खुर्ची टाकून मला बसवलं, तिथंच मी अडकलो. उभ्या हळदीला अजून दोन पाणी हवी होती, विहीर तळाला गेली होती आणि बोअर एकच घ्यायचं ठरलं होतं. ते कुठं, हे जावयानं सांगायचं.

चूक माझीच. लग्नाच्या बोलणीत माझी नोकरी समजावताना मी फार रंगलो होतो. तेलाच्या विहिरी खोदताना खाली कुठं भलताच दाब आहे, हे मी आधी ओळखतो. गाळाचे थर भराभर साचले की त्यांतलं पाणी कोंडून पडतं. त्याला वाट नसते आणि वरचं ओझं मात्र त्यालाच पेलावं लागतं. खोल जावं तसा खडक घट्ट होतो, खोदाई मंदावते. ती एकाएकी भरभर होऊ लागली, की थांबायचं. नाहीतर कोंडलेलं सगळं उसळून वर येतं. एवढं ऐकून सासऱ्यांनी लक्षात ठेवलं एकच: जावयाला जमिनीखालचं पाणी दिसतं.

"मामा, इथं काळा पाषाण. माझी विद्या गाळाच्या खडकाची. मला इथलं काहीच कळत नाही."

"शिकलेली माणसं असंच बोलतात," सासरे बोअरवाल्याला म्हणाले. "घमेंड न्हाई जावयाला."

मी जागा दाखवल्याशिवाय यंत्र सुरू होईना. सगळे माझ्याकडे बघत राहिले. शेवटी पाय आखडले म्हणून उठलो, चार पावलं टाकली आणि थांबलो. आमच्याकडे पानाडी तळहातावर नारळ घेऊन फिरतो. नारळ जिथं उभा राहील तिथं पाणी. माझ्या हातात नारळ नव्हता, पण मी स्वतःच उभा राहिलो होतो. मेहुण्यानं माझ्या दोन चपलांच्या मधोमध खुंटी ठोकली.

करडी भुकटी उडत राहिली. मग अचानक पाइप सरसर खाली गेला. सवयीनं मी ओरडलो, "थांबवा." सासऱ्यांनी हात जोडले. मेहुणा बादली घेऊन धावला. बोअरवाल्यानं हवा सोडली, आणि पाषाणाच्या दोन थरांमधल्या लाल मातीचा कोरडा फुफाटा बादलीसकट मेहुण्यावर आला. त्या मातीखालीही कोरडंच निघालं.

सासऱ्यांनी तोंड पुसलं. "आता आहे त्या पाण्यावर निम्मी हळद जगवू. जावयानं आधीच सांगितलं व्हतं, काई कळत न्हाई म्हणून. बराबर निघालं."

शेजारचा शेतकरी बांधावरून ऐकत होता. "इतके पानाडी पाहिले," तो म्हणाला, "बोललेलं खरं झालेला हा पहिलाच."

आणि माझी खुर्ची उचलून तो आपल्या वावराकडं चालू लागला.