तिरफळासाठी चेंगडू

चीनमधल्या चेंगडूला आम्ही चार दिवस गेलो ते सहल म्हणून नव्हे, हे आधीच सांगतो. शेजाऱ्यांना आणि स्लाऊच्या मित्रमंडळींना मात्र सहल असंच सांगितलं, कारण खरं कारण ऐकून त्यांनी मला वेड्यात काढलं असतं. माझी बायको दोन वर्षं धड जेवलेली नव्हती.

साध्या तापाचं निमित्त झालं आणि तिचा वास आणि चव गेली. काही महिन्यांनी परत आली, पण बिघडून. कांदा परतला की तिला जळक्या रबराचा वास येई, कॉफीला गटाराचा, आणि मासळीला कसला येई ते ती सांगतच नसे. ही बाई मालवणकडची. इंग्लंडमध्ये, मेडनहेडच्या आमच्या घरात बांगड्याचं तिखलं करताना खिडक्या लावून घ्यायची. "एवढा चांगला वास बाहेर का घालवायचा?" म्हणायची. आता गार दहीभाताचे चार घास खाऊन ती ताटली सरकवत होती. छप्पन्न किलोंवरून ती त्रेचाळीसवर आली होती. जीपी, म्हणजे आमचे नेहमीचे डॉक्टर, म्हणाले, वेळ द्या. डाएटिशियनने बाटलीतलं पौष्टिक दूध लिहून दिलं. मग हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी सांगितलं, वजन चाळीसच्या खाली गेलं तर नाकातून नळी घालावी लागेल. घरी येताना गाडीत ती एवढंच बोलली, "नळी मी घालून घेणार नाही. आत्ताच सांगून ठेवते."

त्याच सुमारास ऑफिसातल्या एका चिनी सहकाऱ्याने मला सिचुआन मिरीची पुडी दिली. बायकोने ती उघडली, नाकाशी धरली आणि म्हणाली, "अगंबाई, तिरफळ!" आमच्याकडे बांगड्यात घालतात त्या तिरफळाची ही जवळची नातलग, हे मी नंतर वाचलं. पुन्हा हुंगली तेव्हा काहीच नव्हतं. पण दोन वर्षांत तिने बरोबर ओळखलेली ती पहिलीच वस्तू. मी हिशेब मांडला: शिळ्या पुडीने एक क्षण दिला, तर ताजी मिरी किती देईल? हिशेब भाबडा आहे हे मला तेव्हाही कळत होतं. तरी सिचुआनच्या राजधानीची, चेंगडूची तिकिटं काढली.

पहिल्याच दिवशी हॉटेलबाहेर पडलो आणि माझा धीर सुटला. रस्त्यावर दर चार दुकानांआड हॉटपॉटची, म्हणजे टेबलावरच उकळत्या रश्श्यात शिजवून खायची खानावळ, आणि तिथल्या उकळत्या चरबीचा दरवळ फुटपाथभर. मला भूक लागली. तिने स्कार्फ नाकावर ओढला आणि जवळच्या बागेपर्यंत खाली बघत चालली. बागेत बांबूच्या खुर्च्यांवर म्हातारी माणसं चहा पीत पत्ते कुटत बसली होती. कान कोरून देणारा एक माणूस चिमटा वाजवत गिऱ्हाईक शोधत फिरत होता. तिथे ती जरा हसली. "तुमचेही कोरून घ्या," म्हणाली, "काही सांगितलेलं ऐकू तरी जाईल." तिने नुसतं गरम पाणी घेतलं. एवढ्या लांब येऊन गरम पाणी, हे माझ्या डोक्यातून जाईना.

दुसऱ्या दिवशी मसाल्याचा बाजार. लाल मिरीची पोती, हिरव्या मिरीची पोती, मधून जायला एक माणूस मावेल एवढीच वाट. मी फोनवर भाषांतर करून विक्रेतीला सांगितलं की हिला वास येत नाही. त्या बाईने मूठभर हिरवी मिरी तळव्यांत चोळली आणि तळवे हिच्या नाकाशी धरले. मी श्वास रोखून उभा.

"काय येतंय?"

"काही नाही."

"नीट ओढ ना श्वास. घाई करू नकोस."

"अहो, नाही येत."

मी तिला पुढच्या पोत्याशी नेलं. मग त्याच्या पुढच्या. एक दाणा चावायला लावला. जिभेला मुंग्या आल्या म्हणाली. वास? नाही. चव? नाही. सहाव्या की सातव्या दुकानात ती सगळ्यांदेखत ओरडली, "प्रयोगशाळेतला उंदीर तरी बरा हो! त्याला कोणी सारखं विचारत नाही, कसं वाटतंय म्हणून!"



तिसऱ्या दिवशी मी मिरीचं नावही काढलं नाही. जुन्या वस्तीतल्या गल्ल्यांतून नुसते चालत राहिलो. खिडक्यांबाहेर कपडे वाळत होते, आतून माजाँगच्या खेळातल्या सोंगट्यांचा खडखडाट येत होता, एका दारात म्हातारी शेंगा निवडत होती. दुपारी ऊन चढलं. एका वळणावर तिने भिंत धरली आणि तिचा चेहरा पांढरा पडला. समोरच्या दुकानाबाहेर बुटकी स्टुलं होती, त्यातल्या एकावर तिला कसंबसं बसवलं. तिचा दंड माझ्या मुठीत पूर्ण मावला. आपण हिला मारायला इथे आणलंय, असं मनात आलं, आणि तसं होऊही शकलं असतं असं मला आजही वाटतं.

लोकांच्या स्टुलावर फुकट बसणं बरं दिसेना, म्हणून मी समोरच्या पाटीवरच्या चित्रावर बोट ठेवलं. वाडगा आला. वाटाण्याच्या सत्त्वाच्या थंड, थुलथुलीत पट्ट्या, वर तिखटाचं तेल, काळं व्हिनेगर आणि भरडलेली मिरी. मी तो माझ्याकडे ओढला, तर ती म्हणाली, "थांबा. गार आहे ना?"

तिने एक पट्टी खाल्ली. मग दुसरी. ओठ लाल झाले, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मी तोंड उघडणार एवढ्यात तिने हात वर केला.

"चव नाहीये," ती म्हणाली. "विचारूच नका. पण तोंड बधिर झालंय. सगळं. त्यामुळे ती घाण कळत नाही. नुसतं गिळता येतंय."

मी चव परत आणायला निघालो होतो. तिला मिळालं ते काहीच न कळणं, आणि त्यात ती सुखावली होती. तिला जेवणातून आता एवढंच हवं होतं. मला रडू आलं. ते तिने पाहिलं.

"हेच," ती म्हणाली. "मी घास घेतला की तुमचा चेहरा असा होतो. दोन वर्षं मी प्रत्येक घासाला नापास होतेय तुमच्यासमोर. पहिल्यासारखी चव मला येणार नाही. कदाचित कधीच नाही. तुम्ही हे एकदा मान्य करा हो, म्हणजे मला जेवायला तरी बसता येईल."

"डॉक्टर म्हणाले होते की काही जणांची चव परत..."

"डॉक्टर राहू देत. तुमचं सांगा."

गल्लीतून एक स्कूटर गेली. दुकानाची मालकीण आमच्याकडे बघत होती. परक्या भाषेतलं भांडण तिला शब्दांशिवाय कळत असावं. वाडग्यात अजून अर्ध्याहून जास्त उरलं होतं आणि ती खायची थांबली होती.

"बरं," मी म्हणालो. "नाही येणार."

मला ते मान्य नव्हतं. आजही नाही. पण मी स्टूल फिरवून रस्त्याकडे तोंड केलं, आणि माझ्या पाठीमागे तिने पुन्हा खायला सुरुवात केली.