दाजींना आराम

सदर इसमाचे वर्णन येणेप्रमाणे. वय: चाळिशीच्या अलीकडे, मात्र अलीकडे म्हणण्याची मुदत संपत आलेली. वर्ण सावळा, बांधा मजबूत, नाक सरळ. एकदा कोपर लागल्यापासून थोडे कमी सरळ. नोकरी: बस आगार, टायर विभाग. आगाराच्या फुटबॉल संघातील जागा: बचावफळीच्या मधोमध. कौशल्य: पुढे जाणाऱ्याला जाऊ न देणे. व्यसन: नाही, चहा धरला नाही तर. वैवाहिक स्थिती: विवाहित. प्रकृती: विश्रांतीनंतर ताजीतवानी.

अंतिम सामन्याच्या माहितीपत्रकासाठी हे वर्णन आगारातल्या कारकुनाने तयार केले. त्याने मागच्या वर्षीचे समोर ठेवून उतरवले आणि प्रकृतीची ओळ तेवढी नवी घातली. त्यामुळे ‘विवाहित’ तसेच राहिले. सदर इसमाची, म्हणजे दाजींची, बायको त्या हिवाळ्यात वारली होती. कारकून स्मशानात आला होता, चांगला शेवटपर्यंत थांबला होता. पण तिथे तो माणूस म्हणून आला होता, कारकून म्हणून नव्हे.

दाजी हे त्यांचे नाव नव्हे, नाते आहे, आणि तेही एकाच माणसाचे. आगाराचा वाहतूक नियंत्रक, ज्याला सगळे कंट्रोलर म्हणत, तो त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ. तोच संघाचा प्रशिक्षक. बहिणीच्या नवऱ्याला दाजी म्हणायचे आणि अहो-जाहो करायचे हे त्याच्या अंगात इतके मुरलेले की रेषेबाहेर उभा राहून तो शिव्यासुद्धा आदरार्थी बहुवचनात देई. “दाजी, डोळे घरी ठेवून आलात काय? मागे बघा, मागे! ताईनं काय बघून पसंत केलं तुम्हाला, देव जाणे!” हे दर सामन्यात, साधारण प्रत्येक कॉर्नरला. ऐकून ऐकून संघातले सगळेच त्यांना दाजी म्हणू लागले, मग समोरचे संघ, मग रेफरी. अर्ध्या गावाला एक दाजी मिळाले आणि बहीण देण्याचा त्रास वाचला.

संघाच्या जर्सींवर आकडे शिवून दिले होते त्याच ताईने. दाजींच्या पाठीवरचा पाच किंचित डावीकडे कललेला होता. कंट्रोलर म्हणे, “आकडासुद्धा तुमची चाल बघून कललाय.” ती म्हणे, “बसल्या बसल्या दोघांनी चुका काढण्यापेक्षा बटणं लावायला घ्या.” दोघेही घेत नसत.

ती गेल्यावर दाजी लगेच कामावर आले. टायर काढले, टायर बसवले, नट आवळले. कोणी विचारले तर “ठीक आहे” म्हणत, आणि ते ठीकच दिसत. घरी दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत शिलाई मशीन होते, सुईखाली उशीचा अभ्रा अर्धा शिवलेला. दाजी मशीनला वळसा घालून आतल्या खोलीत जात आणि सकाळी वळसा घालून बाहेर येत. रडू आले नाही. भूक लागत असे. कधीकधी जेवण झाल्यावर जेवलो की नाही हे ताट बघून ठरवावे लागे.

बदल एकच झाला होता. कंट्रोलर त्यांच्यावर ओरडेनासा झाला. चेंडू पायाखालून गेला तरी तो रेषेवरून म्हणे, “असू द्या दाजी.” एकदा तर चूक गोलरक्षकाची, म्हणजे गोलीची, आणि दाजींची निम्मी निम्मी असताना त्याने सगळी गोलीच्या नावावर टाकली. गोली एरवी लांब पल्ल्याच्या गाडीचा ड्रायव्हर; तो त्यावर काही बोलला नाही. आणि हे फार वाईट होते, कारण गोली सहसा सगळ्यावर बोलतो. मैदानावर दीड तास कोणीतरी आपल्या अंगावर ओरडत असले की दाजींना आपण तिथे असल्यासारखे वाटे. आता मैदानही घरासारखेच झाले होते.

तशात संघ अंतिम फेरीत पोचला, साखळीतला एक सामना शिल्लक असतानाच. तो पाणीपुरवठ्याच्या संघाशी होता. ते तळाला होते आणि तिथे रमले होते. जिंकले-हरले सारखेच. मग प्रमुख खेळाडूंना आराम द्यायचा की नाही, यावर टायर विभागात बैठक भरली, कारण गोलजाळी तिथेच टांगलेली असे.

“आराम द्या,” उजव्या बाजूचा कंडक्टर म्हणाला. “पण ड्युटीपासून द्या. खेळायचा मला काही त्रास नाही.”

“पाय बसतात बसून,” गोली म्हणाला. “एक आठवडा खंड पडला की पुढच्या आठवड्यात चेंडू ओळख दाखवत नाही.”

“तुला काय, तू खेळतानाही उभाच असतोस.”

“मी उभा असतो म्हणून तुम्ही पळू शकता, समजलं?”

शेवटी कंट्रोलरने तिघांची नावे सांगितली. गोली, कंडक्टर आणि दाजी.

“मला नको,” दाजी म्हणाले.

“दाजी, आराम करा. गरज आहे तुम्हाला.”

“उभ्या गाडीची बॅटरी उतरते.”

“तुम्ही गाडी नाही, दाजी.”

आराम हा शब्द त्यांनी त्या वर्षात फार ऐकला होता. दवाखान्याच्या पायऱ्यांवर जो भेटेल तो विचारी, “आराम पडला का?” आणि दाजी म्हणत, “पडेल.” बरेच दिवस पडेल पडेल म्हणून झाल्यावर एक दिवस विचारायचे थांबले सगळे. आता तोच शब्द सुट्टीसारखा त्यांच्या हातात दिला जात होता. कंट्रोलरचे डोळे त्यांच्याकडे नव्हते, जाळीकडे होते. “ताई असती तर तिनंही हेच सांगितलं असतं,” तो जाळीला म्हणाला.

सामन्याच्या दुपारी गोली झोपला, कंडक्टर सासुरवाडीला गेला. दाजी घरी बसले. मशीनसमोर खुर्ची होती, तीवर बसणे बरे वाटेना. पलंगावर बसले की मशीन दिसे. तेव्हा ते कामावरचे जाड बूट चढवून मैदानावर गेले आणि राखीव खेळाडूंच्या बाकाच्या टोकाला बसले.

लाइनमन दोनांपैकी एकच आला होता. दुसऱ्याला ताप. अशा वेळी यजमान संघाने माणूस द्यायचा, असा नियम आहे. रेफरी झेंडा घेऊन बाकाशी आला. “रिकामं कोण आहे?”

“सगळे राखीव आहेत,” कंट्रोलर म्हणाला.

“आणि दाजी?”

“दाजी आरामात आहेत.”

“मग रिकामेच की!” रेफरीने झेंडा दाजींच्या हातात दिला. कंट्रोलर तोंड उघडून मिटेपर्यंत दाजी रेषेवर पोचलेसुद्धा.

लाइनमनचे काम म्हणजे शेवटच्या बचावपटूच्या बरोबरीने तिरके पळणे, थांबणे, पुन्हा पळणे. दाजी जाड बुटांनी पळत राहिले. सामना कंटाळवाणा होता, कोणाचाच गोल होत नव्हता. उत्तरार्धात आगाराच्या नव्या पोऱ्या फॉरवर्डला पुढे पास मिळाला, त्याने गोल केला आणि दोन्ही हात पसरून धावत सुटला. दाजींचा झेंडा वर होता.

“ऑफसाइड?” कंट्रोलर उडालाच. “दाजी! आंधळे झालात काय? कुणाच्या बाजूचे आहात तुम्ही? आपल्याच पोराचा गोल! ताईनं काय बघून पसंत केलं तुम्हाला, देव…”

वाक्य तिथेच राहिले. बाकावरचे सगळे जमिनीकडे बघू लागले. पाणीपुरवठ्यानेही फ्री किक घ्यायचे थांबवले. कंट्रोलर हात हवेत तसाच ठेवून उभा होता. दाजींनी एकदा वळून त्याच्याकडे पाहिले. मग रेफरीने शिट्टी वाजवली, त्यांनी झेंडा खाली घेतला आणि ते पुन्हा पळायला लागले. सामना बरोबरीत सुटला.

नंतर दोघे जाळी सोडत होते.

“खरंच ऑफसाइड होता?” कंट्रोलरने विचारले.

“एक पाऊल.”

“मला दिसला नाही.”

“तू ओरडत होतास.”

कंट्रोलरने गाठ सोडवायला वाजवीपेक्षा जास्त वेळ घेतला. “ताईचं नाव निघालं तोंडातून.”

“निघालं.”

“चुकलं माझं.”

“गाठ उलटी ओढतोयस,” दाजी म्हणाले. जाळी गुंडाळून झाल्यावर ते चालू लागले तेव्हा डावा पाय टेकेना. जाड बुटांनी दीड तास तिरके पळून पोटरी भरली होती. कंट्रोलरने बघितले. “अहो, तुम्हाला आराम दिला होता ना?” हे मात्र तो ओरडून म्हणाला.

पुढच्या रविवारी अंतिम सामना झाला. पोटरी सुटली नव्हती. जादा जर्सी नसल्यामुळे दाजींच्या जागी उतरलेल्या बदली मुलाने पाच आकड्याचीच घातली. पहिल्याच कॉर्नरला कंट्रोलर रेषेवर धावत गेला आणि तो कललेला पाच बघून सवयीने ओरडला, “दाजी, मागे बघा, मागे!” दाजी त्याच्या मागेच बसले होते. मुलाने बिचाऱ्याने मागे बघितले. कंट्रोलर सामनाभर तसाच ओरडत राहिला आणि कोणी त्याला दुरुस्त केले नाही. आगार एका गोलने हरले.

त्या दिवशी वाटलेल्या माहितीपत्रकानुसार सदर इसम विवाहित असून विश्रांतीनंतर ताजातवाना होता. तो बाकावर बसलेला होता आणि त्याची पोटरी बांधलेली होती.