एका सुताचा फरक

आप्पा कुणाच्याही घरी गेले की आधी दाराची चौकट बघायचे. चप्पल काढता काढता एक डोळा बारीक करायचे आणि घरमालकानं "या, बसा" म्हणायच्या आत सांगून मोकळे व्हायचे, "वरच्या अंगाला एक सूत बाहीर ग्येलीया." माझं लग्न ठरायच्या वेळी आम्ही मुलाचं घर बघायला गेलो, तेव्हाही तेच. सासऱ्यांनी हौसेनं नवी सागवानी चौकट बसवून घेतली होती आणि आप्पा तिच्यासमोर उंबऱ्यातच उभे. आई मागून त्यांचा सदरा ओढत होती. सासऱ्यांनी नंतर सुताराला बोलावून मोजून घेतलं, तर चौकट खरंच एक सूत बाहेर! लग्न पार पडलं, पण सासरे शेवटपर्यंत आप्पांना जरा बिचकूनच असत.

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. आप्पांचं सगळं आयुष्य त्या मापात गेलं. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत ते पॅटर्न मेकर होते. लोखंडाची कुठलीही वस्तू ओतायची तर आधी ती लाकडात घडवावी लागते. तो लाकडी पॅटर्न वाळूत दाबायचा, वाळूत साचा उमटतो, आणि त्या साच्यात वितळलेल्या लोखंडाचा रस ओतायचा. पॅटर्न चुकला की पुढचं सगळं चुकलं. त्यामुळे मालकाच्या खालोखाल मान होता तो आप्पा मिस्त्रींना. "मशीन चुकंल, माझा हात न्हाय चुकायचा," असं ते म्हणायचे. त्यात फुशारकी नसायची. आज मंगळवार आहे, असं सांगावं तसं सांगायचे.

घरातही तीच तऱ्हा. गणितात दहापैकी नऊ गुण मिळवून मी नाचत आले तर विचारायचे, "चुकलं कुठलं ते सांग." आईची भाकरी तव्यावर पडली की त्यांची नजर काठावरून फिरायची. आई चिडायची, "माझी भाकरी बी मोजा आता." आप्पा म्हणायचे, "मोजायला कशाला पायजे? दिसतंय की." दुसऱ्याची चूक त्यांना लांबूनही दिसायची, आणि दिसली की बोलल्याशिवाय राहवायचं नाही. मला त्यांचा अभिमान होता. धाकही होता. लहानपणी त्यांच्यासमोर मी पाणीसुद्धा दोन्ही हातांनी धरून प्यायचे.

मंगळवार पेठेतलं आमचं घर म्हणजे खाली दोन खोल्या, वर एक, आणि मध्ये शिडीसारखा उभा जिना. त्या जिन्यावरून आई घसरली आणि तिचा खुबा मोडला. आता पायरी चढायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. मी एकुलती एक, कळंब्याजवळ लिफ्ट असलेल्या इमारतीत राहणारी. दोघांनी माझ्याकडे यायचं ठरलं. घर शेजारच्यांनीच घेतलं आणि दहा दिवसांत रिकामं करून द्यायचा शब्द आप्पांनी स्वतः दिला.

मला भीती होती ती त्यांचीच. बावन्न वर्षं राहिलेलं घर हा माणूस कसा सोडणार? पण पहिले आठ दिवस त्यांनी मला चकित केलं. हाताखाली शिकलेल्या एकाला शिरोलीहून बोलावून रंधे, पटाश्या, करवती सगळं देऊन टाकलं. "हत्यार पडून ऱ्हायलं की गंजतं. घिऊन जा. आन धार बघ रोज." स्वतः केलेला देव्हारा समोरच्या घरात दिला, पितळी हंडा मावशींकडे गेला. आई कॉटवर पडल्या पडल्या एकेका भांड्यासाठी डोळे पुसायची. आप्पांची पापणी हलली नाही.

नवव्या दिवशी सकाळी भंगारवाल्याचा टेम्पो दारात आला. वरच्या खोलीच्या माळ्यावर, पार कोपऱ्यात, गोणपाटात गुंडाळून सुतळीनं आवळलेलं एक गाठोडं मला सापडलं. चांगलं जड होतं. आत लाकूड आहे एवढं कळलं. मी ते खाली आणलं आणि टेम्पोत टाकायला दिलं.

आप्पा तेवढ्यात दूध घेऊन आले. त्यांनी टेम्पोकडे पाहिलं, पिशवी रस्त्यात टाकली आणि ओरडले, "ए! हात लावू नगंस त्येला!"

एकोणऐंशी वर्षांचा तो माणूस चाकावर पाय देऊन टेम्पोत चढला. उतरताना पाय निसटला आणि गुडघा चांगलाच खरचटला, पण गाठोडं काही सुटलं नाही. भंगारवाला म्हणाला, "ऱ्हाऊ दे वो ताई, म्हातारं माणूस हाय." गल्लीतल्या दोन-तीन खिडक्या उघडल्या. आप्पा आत आले आणि जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर गाठोडं मांडीवर घेऊन बसले.

ते जेवायला उठले नाहीत. गुडघ्याला हळद लावू दिली नाही. उद्याचा एकच दिवस हातात होता, परवा सकाळी किल्ली द्यायची होती. दोन वाजता माझा तोल गेला.

"आप्पा, आईचा हंडा तुम्ही एका शब्दात देऊन टाकला. आणि हे एक लाकूड तुम्हाला सुटत नाही?"

"तुला काय ठावं हाय त्यातलं?"

"मग सांगा ना!"

बऱ्याच वेळानं त्यांनी सुतळी सोडली. आत पंपाच्या बॉडीचा पॅटर्न होता. त्याच्यावरचा लाल रंग अजून टवटवीत होता. माझ्या अडाणी डोळ्यांना ती अप्रतिम सुबक वस्तू वाटली.

"ह्यो चुकल्याला हाय," आप्पा म्हणाले.

मग जे त्यांनी सांगितलं ते सांगण्याआधी दस्तगीरचाचांबद्दल सांगायला हवं. चाचा त्याच फाउंड्रीत मोल्डर होते, म्हणजे वाळूचा साचा बांधणारे. आप्पा पॅटर्न करायचे आणि चाचा त्यावरून साचा. दोघांचा डबा एकत्र, जाणं-येणं एका सायकलवरून. ईदला शिरखुर्म्याचं भांडं आमच्याकडे यायचं आणि दिवाळीला आईचा चिवडा त्यांच्याकडे जायचा. मी आठवीत असताना हे सगळं अचानक थांबलं. "त्येनं काम सोडलं," एवढंच आप्पा म्हणाले. चाचा मग मेहुण्याच्या गादी कारखान्यात कापूस पिंजायला लागले. तो कारखाना आमच्यापासून दोन गल्ल्यांवर. पण आप्पा त्या गल्लीतून कधी गेले नाहीत. गाद्या भरून आणायला नेहमी आईला नाहीतर मला पाठवायचे.

"पंपाच्या आतली पोकळी धरायला साच्यात वाळूचा गाभा बसीवत्यात," आप्पा सांगू लागले. "त्यो बसायची खाच पॅटर्नमधी असती. ती खाच माझ्या हातनं एक सूत सरकली. गाभा एका अंगाला ग्येला आन पंपाची एक बाजू पातळ निघाली. सगळा माल फुटला. मालकानं मला इचारलं, मिस्त्री, पॅटर्न बघायचा का? म्या म्हणलं, बघायचं काय त्यात? माझा हात न्हाय चुकायचा. न मोजता म्हणलं, सुमे. मग ऱ्हायला कोण? दस्तगीर. गाभा वाकडा बसीवला म्हणून सगळ्या कामगारांसमोर त्येला घालवला."

"आणि तुम्हाला कधी कळलं?"

"चार दिसांनी. पॅटर्न रंगवायला घरी आणला तवा मोजला. नवा करून दिला. कुणाला कळलं न्हाय."

तेव्हा मी जे बोलले त्याची अजून लाज वाटते. मी म्हटलं, "आप्पा, इतकी वर्षं झाली. आता कुणाला सांगून काय होणार? बंबात घालू या. जळून जाईल."

"जाळायचं असतं तर तवाच जाळलं असतं की."

आतून आईचा आवाज आला. ती सगळं ऐकत होती, हे आम्ही विसरूनच गेलो होतो. "दस्तगीरच्या बायकूनं, जैतूननं मला इचारलं हुतं तवा. वैनी, ह्यांच्या हातनं असं कसं वो झालं? म्या म्हणलं, हुतं कवा कवा मानसाकडनं. तुमी मला बी खोटं बोलाय लावलं. जावा. आत्ताच्या आत्ता जावा."

आप्पांनी कपाटातून बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर काढला आणि पॅटर्न काखेत मारला. मी बरोबर निघाले. दोन गल्ल्यांचं ते अंतर, पण त्यांना वाटेत दोनदा भिंतीला टेकावं लागलं.

दस्तगीरचाचा कारखान्याच्या पुढच्या खोलीत गादीला टाके घालत होते. दाढी पांढरी, अंगावर कापसाचे तंतू. आप्पांना पाहून ते चटकन उठले. "मिस्त्री? तुमी? या की, या. बसा. पोरी, तू बी बस. वैनीचा पाय कसा हाय?"

आप्पा बसले नाहीत. गादीवर पॅटर्न ठेवला आणि शेजारी व्हर्नियर. "मोज," म्हणाले.

चाचांनी पॅटर्न ओळखला. त्यांचा चेहरा बदलत गेला तो मी पाहिला. त्यांनी मोजायला घेतलं. पुन्हा मोजलं. मग उलट्या बाजूनं. मग खाचेवरून नुसताच अंगठा फिरवत राहिले. आतल्या खोलीत पिंजणयंत्र चालू होतं.

"कवापास्नं ठावं हाय?"

"तवापास्नं."

"आन तू गप बसलास." इतकी वर्षं 'तुमी' म्हणणारा माणूस 'तू'वर आला होता. "मला काम न्हवतं का मिळत दुसरीकडं? चार फाउंड्रीवाल्यांनी बोलीवलं हुतं. म्याच ग्येलो न्हाय. का? मला वाटलं माझाच हात ग्येला. साच्याला हात लावाय भ्या वाटाय लागलं. पोरगं म्हणलं, अब्बा मला शिकवा. त्येला बी न्हाय शिकीवलं. माझा हात वाईट हाय, म्हणलं."

आप्पा मान खाली घालून उभे होते. त्यांना असं उभं राहिलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं.

"दस्तगीर, तू म्हणशील ते…"

"उद्या सकाळी आठला चहाच्या गाड्यावर यायचं. आपल्या फाउंड्रीतली जी मानसं ऱ्हायल्यात ती रविवारी बसत्यात तितं. मला काय सांगतुयास? त्येंच्यासमोर बोल. आता जा."

रविवारी सकाळी आप्पांनी धुतलेला सदरा घातला. दाढी करताना दोन ठिकाणी कापलं. "मी एकटी जाऊन त्यांना समजावू का?" असं मी विचारलं, तर त्यांनी परत आणलेला पॅटर्न काखेत मारला आणि चपला घातल्या. गाड्याजवळच्या बाकावर तिघे म्हातारे बसले होते, आणि चाचा बाजूला उभे. जुना सुपरवायझर म्हणाला, "या मिस्त्री! घर सोडलं म्हणं? चहा सांगू?"

"चहा ऱ्हाऊ द्या," आप्पा म्हणाले, आणि उभ्यानंच त्यांनी सगळं सांगितलं. कुठेही आडवळण घेतलं नाही, वयाचं किंवा काळाचं कारण दिलं नाही. "दस्तगीरचा साचा बरोबर हुता. माझा पॅटर्न चुकला हुता. मला ठावं हुतं आन म्या बोललो न्हाय." पॅटर्न त्यांनी बाकावर ठेवला. तिघांनी आळीपाळीनं हातात घेऊन पाहिला. रस्त्यावरून एक बस गेली. चहावाल्याचं भांडं उतू जायला आलं, त्यानं ते खाली घेतलं.

शेवटी सुपरवायझर म्हणाला, "जाऊ द्या मिस्त्री. मालक ग्येला, फाउंड्री बंद पडली. आता ह्येचा काय उपेग?"

"हाय," दस्तगीरचाचा म्हणाले. आवाज चढवला नव्हता, पण तिघांनी माना वर केल्या. "मला हाय उपेग."

त्यांनी खांद्यावरचा पंचा काढून त्यात पॅटर्न गुंडाळला. "पोराला दावतो," एवढंच म्हणाले आणि चालू लागले. आप्पांकडे वळून पाहिलं नाही.

सोमवारी आप्पांनी शेजाऱ्यांच्या हातात किल्ली दिली. आईला आम्ही खुर्चीत बसवून रिक्षापर्यंत नेलं. दहा दिवस ज्या क्षणाची मला धास्ती होती तो असा दोन मिनिटांत होऊन गेला. आप्पा माझ्याकडे नऊ महिने राहिले. एका सकाळी झोपेतच गेले. त्या नऊ महिन्यांत चाचा एकदाही आले नाहीत, आणि आप्पांनी त्यांची वाट पाहिल्याचंही मला दिसलं नाही. मला मात्र ते बोचायचं. त्या रविवारी घरी परतताना रिक्षात मी त्यांना विचारलंही होतं, "आप्पा, चाचांनी तुम्हाला माफ केलं असेल का हो?"

"इचारलं न्हाय म्या."

"का?"

दोन्ही रिकामे हात मांडीवर ठेवून ते बाहेर बघत होते.

"माफी मागाय ग्येलतो व्हय मी? त्येचं हुतं, त्येला द्याय ग्येलतो."