बायनाबाईनं खाली ठेवलेला बेल

आमच्या धारूरला महादेवाच्या देवळात श्रावणभर दुपारी बायकांची पोथी असते. वाचायचं काम माझ्याकडे. सासूबाईंचे, म्हणजे छबुबाईंचे, डोळे गेले तेव्हापासून. यंदा पोथी दहा दिवस आधीच संपली. बायकांना घरी जायची घाई नव्हती. माझी मुलगी रोहिणी अंबाजोगाईला शिकते. तिनं सुट्टीत एक कादंबरी आणून टाकली होती. कव्हर फाटलेलं, नावाचं पानच गायब. शेजारची सुकन्या म्हणाली, "वैनी, तीच वाचा की."

देवळात कादंबरी? माझा जीव धजेना. सासूबाई म्हणाल्या, "खोटंनाटं नसंल तर वाच. महादेव बी ऐकंल. रोज तेच तेच ऐकून त्यो बी कटाळला आसंल."

कादंबरी दोन कोष्ट्याच्या पोरांची होती. जिवाभावाचे मित्र. एकाच्या हातून मालकाच्या मागावरचं लुगडं फाटतं, आळ दुसऱ्यावर येतो आणि पहिला गप्प बसतो. दुसऱ्याला गाव सोडावं लागतं. चाळीस वर्षांनी पहिला त्याला शोधायला निघतो.

आम्हाला वाचायची सवय एकच, पोथीची. प्रकरण संपलं की मी "अध्याय समाप्त" म्हणायची आणि बायका हात जोडायच्या. कुणीतरी पहिल्या दिवशी पुस्तकाला हळदकुंकू लावलं, ते रोजचंच झालं. रोहिणी पोट धरून हसली.

बायनाबाई खांबाला टेकून बसायची. साठीची, वाळलेली, गुडघ्यांनी अधू. तीस वर्षं ऊस तोडला. आता देवळाचा झाडू तिच्याकडे आहे. अक्षरओळख नाही, पण पोथीतला शब्द चुकला तर पहिली तीच मान वर करते.

सहाव्या दिवशी, तो मित्र गाव सोडून जातो ते प्रकरण संपलं. बायकांनी हात जोडले. बायनाबाईनं जोडले नाहीत.

"वैनी, हे बंद करा. दुसरं कायतरी वाचा."

सासूबाई म्हणाल्या, "बायने, लावलेली पोथी मधी सोडायची न्हाई. सोडणाऱ्याला दोष लागतो."

"ही कुठं पोथी हाय, छबुबाई? हिच्यात एक तरी देव हाय का?"

"हळदकुंकू लावलं नव्हं? मंग झाली पोथी."

ती उठून गेली नाही. पुढचे चार दिवस पदराचं टोक तोंडात धरून बसली आणि ऐकलं. शेवटी म्हातारा झालेला मित्र सापडतो. फक्त सरकून शेजारी बसायला जागा देतो. तिथं कादंबरी संपते.

मग जी ती बोलायला लागली. सुकन्या चिडली होती. "मी आस्ते तर जागा दिली नस्ती. चाळीस वर्सांनी आला, लई मोठा उपकार केला!" सासूबाई म्हणाल्या, "न देऊन करतो काय? त्याला बी दुसरा मैतर कुठं हाय?" माझ्या मनात एकच होतं, की तो चुकलेला माणूस रोज देवाला जात होता असं पुस्तकात लिहिलं होतं. देवानं त्याला चाळीस वर्षं कसं जाऊ दिलं?

बायका पांगल्यावर बायनाबाई माझ्याजवळ आली.

"वैनी, पोथीच्या शेवटाला फळ सांगितलेलं आस्तं. ऐकणाऱ्यानं काय करायचं ते. हिच्यात काय सांगितलंय?"

मी पानं उलटली. म्हटलं, "काही नाही लिहिलेलं, बाई."

"आसं कसं?" ती खाली बसली. आणि मग तिनं मला अंजनाची गोष्ट सांगितली.

अंजना आष्टीकडची. दोघींचे नवरे ऊसतोडीच्या एकाच टोळीत. उसाची मोळी बांधता एकटीला येते, पण डोक्यावर घेता येत नाही, उचलून द्यायला दुसरी लागते. बारा हंगाम या दोघी एकमेकींना मोळी देत होत्या. "तिच्या हाताची मोळी डोक्यावर आशी बसायची वैनी, जणू उतरंडीवर मडकं."

बावीस वर्षांपूर्वी फडावर, भर दुपारी, माणसं उसात असताना पाचटाच्या तीन कोप्या, राहायच्या झोपड्या, जळाल्या. माणसं वाचली, पण सगळ्यांचं धान्य, कपडे, पांघरुणं गेली. बायनाबाईनं सकाळी राखेखाली निखारा दाबून ठेवला होता, आल्यावर चूल लवकर पेटावी म्हणून. अंजनाची कोपी तिच्या कोपीला चिकटून. मुकादम शहादेवनं दोघींना विचारलं. दोघी नाही म्हणाल्या. मग टोळीत करतात तेच झालं, बांधावरच्या महादेवापुढं शपथेचा बेल उचलायचा. ज्यानं उचलला तो खरा.

"अंजना म्हणली, माझी चूल विझलीवती, मी सांगते तेवढं बास हाय, देवाला मधी वढायचं न्हाई. तिनं हातच लावला न्हाई. आन मी उचलला."

टोळीनं अर्थ लावला तो असा, की जी उचलत नाही तीच खोटी. अंजनाच्या जोडप्याला दुसऱ्या दिवशी टोळीतून काढलं. ट्रकमध्ये बसताना तिनं बायनाबाईकडं पाहिलं की नाही हेही बायनाबाईला ठाऊक नाही. ती तेव्हा पाठ करून मोळी बांधत होती. दिवसभर ती मोळी द्यायला कोणी नव्हतं.

"दर वर्सी दिवाळी झाली की वाटतं, ती बी निघाली आसंल. हिकडंच कुठंतरी तोडत आसंल. मी आडवी पडले की मला तिच्या बांगड्या ऐकू येत्यात."

मी म्हटलं, "देवापुढं कबूल कर. तो माफ करतो."

तिनं मान हलवली. "देवाला कवाच ठाव हाय. बेल उचलला टोळीपुढं, तर ठेवायचा बी टोळीपुढं."

म्हणून दिवाळीनंतर टोळी निघायच्या सकाळी मी तिच्याबरोबर गेले. रस्त्याला ट्रॅक्टर लागले होते. भांडी, शेळ्या, पांघरुणाची बोचकी चढत होती. शहादेव आता म्हातारा, मुकादमकी पोरानं घेतलेली, तो नुसता निरोपाला खुर्ची टाकून बसला होता. बायनाबाईनं पदरातून बेलाचं पान काढलं आणि त्याच्या पुढ्यात जमिनीवर ठेवलं.

"मुकादम, कोप्या जळाल्या त्या दिशी मी खोटा उचलला. इस्तू माझ्या चुलीचा व्हता. अंजनाचा न्हाई."

चढणारी माणसं थांबली. एक तरुण बाई फिसकन हसली, "कोण अंजना?" तिचा नवरा म्हणाला, "चल गं, उशीर होतोय." निम्म्या टोळीचा त्या वर्षी जन्मही नव्हता. बायनाबाई उभीच. मला वाटलं, कुणी दोन शिव्या दिल्या असत्या तरी बरं झालं असतं.

शहादेव पानावर वाकला. "मला बी तवा वाटलंतं," तो म्हणाला. "पर तू बेल उचलला म्हणल्यावर मी कोण बोलणार? अंजना रडली बी न्हाई बघ." मग त्यानं खिशातून मोबाईल काढून माझ्याकडं दिला. "अंजनाचा पोरगा सत्यम माझ्या साडूच्या टोळीत हाय. ह्यात नंबर आसंल. बघा तुमी, मला दिसत न्हाई."

परवा आमच्या घरून त्या नंबरावर फोन लावला. सत्यमनंच उचलला. मागं उसाचा सळसळाट आणि कुणाची तरी आरडाओरड. मी कोण, काय, सगळं सांगितलं. बायनाबाई फोनला कान लावून बसली होती.

"आई मोळ्या देतीय. थांबा," तो म्हणाला. तो चालत गेला, ऐकू येत होतं. मग काही वेळ नुसता वारा. एका बाईचा आवाज लांबून आला, पण शब्द लागले नाहीत. बायनाबाईनं माझा हात धरला.

सत्यम परत बोलला. "फोनवर येत न्हाई म्हणती. चैतात कारखाना बंद झाला की यीन, म्हणली. आन म्हणली, तवर मरू नको म्हणावं तिला."

फोन बंद झाला. बायनाबाई म्हणाली, "तिचाच आवाज हाय. शिवी न्हाई दिली?"

"नाही."

"चैत कवा लागतो, वैनी?"

मी बोटं मोजली. मार्गशीर्ष, पौष, माघ, फाल्गुन.

"परत लावा," ती म्हणाली. "तिला सांगा, न्हाई मरत म्हणावं. बसलेय मी."

लावला. लागला नाही. काल दुपारी लावला, आजही लावला. फडात रेंज नसेल. ती देवळाचं झाडून झालं की सरळ आमच्याकडे येते, ओट्यावर बसते आणि आत न येता विचारते, "लागला का?"