डावीकडचा ढवळ्या

आमचे अण्णा बोकडांना बैल समजतात. हे मी कुणाला सांगितलं की आधी माणूस हसतो, मग माझ्या तोंडाकडं बघतो आणि विषय बदलतो.

अण्णांचं नाव व्यंकटी. आमचं गाव अहमदपूरपासून जवळच, बालाघाटाच्या पायथ्याशी. तिथं अण्णांनी सगळी उमर आप्पासाहेबांच्या शेतात सालगडी म्हणून काढली. बैलांचं वेड असं, की मी कितवीत शिकते हे त्यांना कधी सांगता आलं नाही. पण सोन्याला खुरकत कोणत्या पावसाळ्यात झाली आणि ढवळ्या कुठल्या ओढ्याला बिचकतो, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगायचे. सोन्या-ढवळ्या ही त्यांची शेवटची जोडी.

मग आप्पासाहेबांनी ट्रॅक्टर घेतला. जोडी हाळी गावच्या गुरांच्या बाजारात नेली आणि दोन बैल दोन गिऱ्हाइकांना विकले. कासरा धरायला अण्णाच होते. एक बैल एका वाटेनं गेला, दुसरा दुसऱ्या. घरी येऊन अण्णा बाजेवर बसले ते उठेचनात. जेवायला वाढलं तर जेवायचे, न वाढलं तर मागायचे नाहीत. डॉक्टर म्हणाले, शरीरात काही बिघाड नाही, यांना चालवा. बाजेवरून न उठणाऱ्या माणसाला चालवायचं कसं, ते काही त्यांनी सांगितलं नाही.

मी अहमदपूरला मुलींच्या शाळेत शिक्षिका आहे. मुलींना घेऊन डोंगर चढायचा मला नाद आहे. आमच्या डोंगरावर दिवाळीनंतर पाण्याचा थेंब मिळत नाही, सगळं पाणी पाठीवरून न्यावं लागतं आणि निम्म्या मुली त्या ओझ्यानंच रडकुंडीला येतात. एकदा मोबाइलवर बघितलं, कुठल्याशा मुलखात लोक बोकडांच्या पाठीवर दोन्हीकडं पिशव्या टाकून डोंगर चढतात. बोकड कुत्र्यासारखा मागं मागं येतो. मला वाटलं, हेच. मुरुडच्या बाजारातून उस्मानाबादी जातीची दोन पिल्लं आणली, खच्ची करून घेतली आणि अण्णांच्या बाजेला बांधली.

"अण्णा, यांना ओझं न्यायला शिकवायचं. हिवाळी शिबिराचं पाणी हीच नेणार."

अण्णांनी पिल्लांकडं बघितलं. मग बाजेवरून खाली पाय टाकले. मला एवढा आनंद झाला, की पुढचं सगळं मी त्यांच्यावर सोपवून टाकलं. तिथंच माती खाल्ली.

दोन्ही पिल्लं तव्यासारखी काळी. अण्णांनी नावं ठेवली सोन्या आणि ढवळ्या.

"काळ्याकुट्ट बोकडाला ढवळ्या कोण म्हणतं?"

"नाव रंगाचं नसतंय माय, जागेचं असतंय. ढवळ्या डावीकडं चालतो."

मी कपाळावर हात मारून घेतला, पण माणूस बोलायला लागला म्हणून गप्प बसले. बाटलीनं दूध पाजणं, कडेवर घेऊन फिरवणं, मोठी झाल्यावर बाभळीच्या शेंगा दाखवत माळावर नेणं, सगळं अण्णा मन लावून करायचे. पाठीवर आधी रिकामं पोतं टाकलं, मग त्यात थोडी माती. बोकडं तगडी झाली, ओझ्याला कुरकुर करेनात. एवढंच केलं असतं तर मी त्यांच्या पायावर डोकं ठेवलं असतं.

पण एक दिवस हनीफचाचांचा फोन आला. हनीफचाचा अहमदपूरच्या बसस्टँडजवळ ताडपत्र्या आणि गाड्यांची सीट कव्हरं शिवतात, अण्णांचे जुने दोस्त. बोकडांच्या पाठीवरच्या पिशव्या त्यांनीच शिवल्या होत्या.

"बेटी, तुझे अण्णा जू मागून राहिले. बांबूचं. दोन बोकडांच्या मानंवर बसंल असं. मी म्हटलं, व्यंकटी, बकऱ्यानं नांगर ओढायचा हाय का? तर माझ्यावरच गुरकावले."

मी तडक गावाकडं गेले. तोवर अण्णांनी दुसरीकडून जू आणलेलंच होतं. त्याखाली मान घालून सोन्या-ढवळ्या अंगणात खांद्याला खांदा लावून चालत होती, आणि अण्णा मागून जीभ टाळूला लावून बैलांसारखी हाकत होते. भांड भांड भांडून मी ते जू चुलीत घातलं. उपयोग शून्य. जू गेलं तरी बोकडं तशीच चालत राहिली. सोन्या उजवीकडं, ढवळ्या डावीकडं. मध्ये दगड आला तर दोघं मिळून वळसा घालायची, पण फुटायची नाहीत. बाजू बदलून उभी केली तर हलायची नाहीत.

पोळ्याला तर कहर केला. आमच्या घरात देव नाहीत, भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध. पण पोळ्याला शिंगं रंगवायची, हे सालगड्याच्या हातातून जात नाही. अण्णांनी बोकडांच्या शिंगांना लाल रंग दिला, गळ्यात घुंगरं बांधली आणि वेशीत बैलांच्या रांगेत नेऊन उभी केली. गाव पोट धरून हसलं. अण्णा मान ताठ करून उभे. मला लाजेनं कुठं तोंड लपवावं कळेना.

"अण्णा, डोंगराची वाट एका माणसापुरती आहे. एकामागं एक चालायला शिकवा."

"हाव."

"नुसतं हाव नको."

"शिकवतो म्हटलं ना."

शिकवलं नाही. दर आठवड्याला मी विचारायची, दर आठवड्याला हाव.

शिबिराचा दिवस उजाडला. आमच्या मुख्याध्यापकांनी, उमाशंकर सरांनी, आधीच बजावलं होतं, "मॅडम, जमलं तर दर शिबिराला वडिलांना बोलावू. नाही जमलं तर हा खेळ पुन्हा नको." ते मी अण्णांना सांगितलं होतं. म्हणूनच माझा जीव थाऱ्यावर नव्हता. पाण्याचं काय, ते आम्ही कसंही नेलं असतं. बोकडं नापास झाली तर अण्णा परत बाजेवर जाऊन बसतील आणि या वेळी उठणार नाहीत, ही भीती होती.

माळ होता तोवर दृष्ट लागावी अशी चालली. दोन्ही बाजूंना पाण्याचे कॅन, पुढं अण्णा, मुली कौतुकानं बघतायत, सरसुद्धा फोटो काढतायत. मग खिंडीची वाट लागली. एकीकडं कातळ, दुसरीकडं उतार, मध्ये जेमतेम एक माणूस जाईल एवढी पायवाट. सोन्या-ढवळ्या तोंडाशी येऊन थांबली. शेजारी शेजारी. शेंगा दाखवल्या, ढकललं, ओढलं. ढवळ्यानं बसकण मारली.

"एकाला पुढं न्या," मी म्हणाले. "दुसरा राहू द्या इथं, परत येऊन नेऊ."

"न्हाई."

"अण्णा, पन्नास पोरी उन्हात उभ्या आहेत."

"जोडी फोडायची न्हाई."

"अहो, बोकडं आहेत ती!"

"एकडाव फोडली," अण्णा म्हणाले. "माझ्याच हातात कासरा व्हता. ढवळ्या वळून वळून बघत व्हता. आता न्हाई फोडत."

बाजारातल्या त्या दिवसाबद्दल अण्णा आजवर एक अक्षर बोलले नव्हते. मला त्यांची दया आली आणि त्याहून जास्त राग आला, की हे सांगायला यांना आजचाच दिवस आणि हीच वाट मिळाली. सर घड्याळ बघत म्हणाले, "मॅडम, परत फिरायचं का?"

मी उत्तर देणार, तेवढ्यात अण्णांनी सोन्याच्या पाठीवरच्या पिशव्या सोडून माझ्या पायाशी ठेवल्या. धोतर खोचलं, खाली वाकले आणि आख्खा बोकड उचलून खांद्यावर घेतला. पुढचे पाय एका हातात, मागचे दुसऱ्या. आणि चालायला लागले.

ढवळ्या ताडकन उठला. सोन्याचं लोंबतं शेपूट नाकासमोर धरून, पाठीवरच्या कॅनसकट, निमूट त्यांच्या मागं निघाला. एकामागं एक. इतके महिने मी जे मागत होते ते असं झालं.

सोन्याचं पाणी अर्थात माझ्या गळ्यात आलं. म्हणजे हिशेब असा, की ओझं वाहायला आणलेला बोकड माझ्या बापाच्या खांद्यावर, बोकडाचं ओझं माझ्या खांद्यावर, आणि मागून पोरी फिदीफिदी हसतायत. मी सगळी खिंडभर बडबडत होते. पडाल, कंबर मोडेल, या वयात हे कुणी सांगितलंय. अण्णा ऐकत नव्हते. वर्षभर बाजेवर बसलेला माझा बाप बोकड घेऊन डोंगर चढत होता, आणि मला ओरडता ओरडता रडू यायला लागलं.

माथ्यावर त्यांनी सोन्याला उतरवलं. तो लगेच ढवळ्याच्या उजव्या अंगाला जाऊन उभा राहिला. अण्णांना धाप लागली होती. मुलींनी ढवळ्याच्या कॅनमधलं पाणी त्यांना आधी दिलं. सर माझ्याजवळ आले.

"मॅडम, याला जमलं म्हणायचं की नाही?"

"मला नका विचारू," मी म्हणाले.

सरांनी अण्णांकडं बघितलं. "पुढच्या शिबिराला या, मामा. पण तोवर एकामागं एक चालायला शिकवा."

"हाव," अण्णा म्हणाले.

तो हाव मी ओळखते. उतरताना खिंडीच्या तोंडाशी अण्णा थांबले आणि ढवळ्याच्या पाठीवरच्या पिशव्या सोडायला लागले.

"आता ह्याला कशाला? हा चालतो की मागं."

"येताना सोन्याला घेतलं व्हतं," अण्णा खाली वाकत म्हणाले. "आता ह्याची पाळी."

मी ढवळ्याच्या पिशव्या उचलल्या आणि गळ्यात घातल्या.