हाताच्या मापाचा ब्रेक

माझे हात लहान आहेत. बांगड्या घ्यायला गेले की दुकानदार आधी मोठ्या बायकांच्या मापाचा डबा काढतो, मग माझ्या मनगटाकडे बघून शाळकरी मुलींचा डबा पुढे सरकवतो. याचं मला कधी काही वाटलं नव्हतं. ड्रॉइंग बोर्डावरच्या बारीक कामाला असे हात बरे पडतात, आणि माझं पोट त्याच कामावर होतं.

दोन हजार चार-पाचच्या सुमाराला केंद्र सरकारच्या एका कार्यालयातून माझी चेन्नईला बदली झाली. नवरा नोकरीमुळे नाशिकलाच राहिला, मी क्वार्टरमध्ये एकटी. तमिळचं एक अक्षर कळत नव्हतं. गणपतीत तिथली मराठी मंडळी भेटली तेव्हा जीव भांड्यात पडला. त्यांच्यातच ते साहेब होते. पन्नाशी उलटलेले, दुसऱ्या खात्यात मोठ्या हुद्द्यावर, बोलणं मऊ आणि सावकाश. सरकारी कामासाठी युरोपात काही वर्षं राहून आले होते आणि येताना तिथल्या जुन्या रेसिंग सायकली घेऊन आले होते. त्यांच्या हॉलच्या भिंतीवर पाच सायकली टांगलेल्या होत्या. कारखान्यातून निघाल्या तेव्हा जो नट होता तोच आजही आहे, हे ते प्रत्येक पाहुण्याला सांगत.

दर रविवारी पहाटे ते आठ-नऊ जणांना घेऊन सायकलवर बाहेर पडत. त्यात बाई एकही नव्हती. मला म्हणाले, तुम्ही या. त्यांच्या पत्नीची सायकल पडूनच होती. तिला आता आवड राहिलेली नाही, असं त्यांनी सांगितलं. ती गाडी त्यांनी मला विकली, पण वचन घेऊन. काहीही बदलायचं नाही. सीट नाही, पेडल नाही, ब्रेक तर नाहीच नाही.

गाडी देखणी होती. गर्द हिरवी, उंचीलाही माझ्या मापाची. अडचण फक्त हँडलपाशी होती. त्या जातीच्या सायकलचं हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखं पुढे जाऊन खाली वळतं. ब्रेकचे लिव्हर त्या वळणाच्या पुढे लटकलेले असतात. हात वळणात ठेवायचा, बोटं पुढे टाकायची आणि लिव्हर आत ओढायचा. माझी बोटं पुढे टाकली की मधल्या दोन बोटांची टोकं तेवढी लिव्हरला टेकायची. घरी पट्टी लावून बघितलं. लिव्हर हँडलपासून नऊ सेंटिमीटरवर होता, आणि माझ्या बोटाची पकड सातवर संपत होती.

मी साहेबांना सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, "सवय होईल. तिकडच्या बायका याच ब्रेकवर डोंगर उतरतात."

मी गाडी तशीच चालवायला घेतली. नव्या गावात रविवारची सोबत मिळाली होती, ती घालवायची नव्हती. चेन्नई सपाट आहे. वेग आधीच कमी करायचा, नाही जमलं तर पाय टेकायचे, असं करत सहा आठवडे काढले.

सातव्या रविवारी आम्ही एन्नोरच्या बाजूला गेलो. वीजकेंद्राची राख हवेत होती, खाडीच्या पाण्याला मेलेल्या माशांचा आणि तेलाचा वास येत होता. तिथल्या एका पुलाच्या उतारावर मी दुसऱ्या नंबरवर होते, साहेब माझ्या मागे. खाली रस्त्याच्या कडेला एक कोळीण डोक्यावर अ‍ॅल्युमिनियमचं घमेलं घेऊन उभी होती. माझ्या पुढचा गडी निघून गेला आणि ती रस्ता ओलांडायला निघाली. मी बोटं टाकली. टोकं लिव्हरला लागली, लिव्हर थोडा हलला, आणि घामानं बोटं निसटली. परत टाकली, परत निसटली. गाडी वळवली, पण माझा खांदा तिला लागलाच.

आम्ही दोघी पडलो. मासे रस्ताभर झाले. माझं कोपर सोललं होतं. ती बाई, माझ्या आईच्या वयाची असेल, गुडघा धरून डांबरावर बसली होती आणि तोंडानं हवा ओढत होती.

साहेब थांबले. सायकल स्टँडला लावावी तशी नीट कठड्याला टेकवून ठेवली. मग माझ्या सायकलीपाशी उकिडवे बसले. खिशातून रुमाल काढला, त्यावर थुंकी लावली आणि लिव्हरवर उमटलेला चरा पुसून बघायला लागले. त्या बाईपासून तीन हातांवर. दोनदा थुंकी लावली, दोनदा पुसलं. चरा खोल नाही हे कळल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान आलं, ते मला अजून आठवतं.

मग त्यांनी उठून बाईला इंग्रजीत सॉरी म्हटलं आणि बाकीच्यांना सांगितलं की पुढे इडलीवाला थांबलाय, आपण हळूहळू निघू. ते निघालेही. मी रिक्षा थांबवली, सायकल तिथल्याच एका चहाच्या टपरीत ठेवली आणि बाईला दवाखान्यात नेलं. हाड मोडलं नव्हतं, पण गुडघा नारळासारखा सुजला होता. डॉक्टरनं तीन आठवडे ओझं उचलू नका म्हणून सांगितलं. बाकावर बसल्या बसल्या तिनं माझा हात हातात घेऊन उलटा-पालटा केला आणि "चिन्न कै" म्हणाली. लहान हात. रागानं नाही, नुसतंच बघून. मग तिला घरी सोडून मी टपरीतली सायकल उचलली.

सोमवारी ऑफिसात सगळ्यांना गोष्ट माहीत होती. मराठी मंडळींतून पोचलेली, साहेबांनी सांगितलेली. की मी घाबरले, ब्रेक सोडून दिला आणि किंचाळले. बायकांचं ऐन वेळी असं होतं, तिची चूक नाही, असंही ते वर म्हणाले होते. मी किंचाळले नव्हते. पण डब्याच्या वेळी लोक कौतुकानं कोपराची चौकशी करायचे तेव्हा मी मान हलवत राहिले. त्या मान हलवण्याचीही मला किळस येत होती, तरी हलवत राहिले.

दहा-बारा दिवसांनी साहेबांच्या पत्नीचा फोन आला, जेवायला या म्हणून. जेवण झालं, साहेब हॉलमध्ये सायकलींपाशी गेले आणि आम्ही दोघी स्वयंपाकघरात राहिलो. वहिनी फार बोलत नसत. ताक ढवळता ढवळता त्यांनी डावा हात माझ्यापुढे धरला. करंगळी मधल्या पेरातून बाहेर वळलेली होती.

"मी पण त्याच गाडीवरून पडले होते," त्या म्हणाल्या. "ब्रेकला हात पोचला नाही."

मी विचारलं, साहेबांना सांगितलं होतंत का. वहिनी म्हणाल्या की सांगितलं होतं, तेव्हाच, हॉस्पिटलमध्ये. मला गाडी विकली तेव्हा ब्रेक बदलून दिला असेल, असं त्यांना वाटलं होतं. तसं विचारायला हवं होतं, पण विचारलं नाही. आणि मग त्यांनी माझ्या वाटीत ताक ओतलं.

मला ते ताक गेलं नाही. हॉलमधून साखळीला तेल घालतानाचा टकटक आवाज येत होता. बायकोचं बोट मोडलेलं माहीत असताना हा माणूस तीच गाडी, तोच ब्रेक दुसऱ्या बाईच्या हातात देतो, आणि वर शब्द घेतो की बदलू नका. घरी येऊन मी साबणानं हात धुतले, परत धुतले. कशासाठी, ते मलाच कळलं नाही.

त्या शनिवारी मी एन्नोरला गेले. खरं सांगायचं तर क्षमा मागायला नव्हते गेले. मला तिला सांगायचं होतं की चूक माझी नाही, त्या माणसाला सगळं माहीत होतं. ती घराबाहेर पाय लांब करून बसली होती, सून मासे साफ करत होती. मी माझ्या मोडक्यातोडक्या तमिळमध्ये हात दाखवून, ब्रेकची ॲक्शन करून सगळं समजावलं. तिनं शांतपणे ऐकलं. मग एवढंच विचारलं की तुला कधी कळलं. मी म्हटलं, पहिल्या दिवशी.

"तेरिंजुम ओट्टिनिया?" ती म्हणाली. माहीत असूनही चालवलीस?

मला साहेबांची जेवढी शिसारी आली होती तेवढीच, तिथल्या तिथे, स्वतःची आली. त्यांनी सायकलीपायी केलं, मी सोबतीपायी. ती बाई माझ्याकडे आणखी बघत बसली नाही. सुनेला कसली तरी सूचना देऊ लागली. मी उठले.

सोमवारी अर्धी रजा टाकून मी जॉर्ज टाउनमध्ये गेले. पहिल्या दोन दुकानांत हँडलच काढून सरळ दांडा लावा, नाहीतर लेडीज सायकल घ्या, असं सांगितलं. तिसऱ्या दुकानात, खरं तर दोन गोदामांच्या मधल्या बोळात, एक म्हातारे मेकॅनिक बसले होते. मी मोबाइलवर नवऱ्याशी बोलत होते ते त्यांनी ऐकलं आणि माझ्याशी मराठीत बोलले. तंजावरकडचे. 'सगळं'ला 'अस्कं' म्हणत, आणि वाक्याचा हेल पुरता तमिळ. मला अर्धं कानानं कळत होतं, अर्धं त्यांच्या बोटांवरून.

मी सगळी अडचण सांगितली. ते म्हणाले, "हात मोठा होईना. ब्रेक जवळ येईल."

आधी त्यांनी लिव्हरवरची रबरी टोपणं काढली. रबर आतून वितळून डांबरासारखं झालं होतं. त्यात केस, माती, हिरवा गंज, वर्षानुवर्षांचा घाम, सगळं एकजीव झालेलं. बोळभर आंबूस वास पसरला. त्यांनी ते चाकूनं खरवडून वर्तमानपत्रावर टाकलं. जसं होतं तसं जपायचं म्हणून साहेब ज्याला हात लावू देत नव्हते, ते हेच होतं.

मग त्यांनी मला सायकलवर बसवलं, डोळे मिटायला सांगितले आणि हात जिथे आपसूक पडतील तिथे ठेवायला सांगितलं. त्या जागी खडूनं खूण केली. लिव्हरचा पट्टा ढिला करून तो वळणावर खुणेपर्यंत खाली सरकवला. तेवढ्यानं एक सेंटिमीटर मिळाला. बाकीच्यासाठी त्यांनी टायरचा जाड तुकडा पाचरीसारखा कापला आणि लिव्हरच्या मुळाशी, आतल्या बाजूला बसवला. त्यामुळे लिव्हर सोडला तरी पुरता बाहेर जाईना, हँडलच्या जवळच थांबू लागला.

पण काम तिथे संपलं नाही. लिव्हर जवळ आला म्हणजे ओढायला जागा कमी उरली. वायर ढिली राहिली असती तर लिव्हर हँडलला टेकला असता आणि ब्रेक लागलाच नसता. म्हणून त्यांनी चाकांचा आऊट काढला, एकेक तार पिळत, रिम सरळ फिरेपर्यंत. मग ब्रेकची रबरं रिमच्या अगदी जवळ आणून वायर कसली. दोन तास गेले. मी घरून आणलेली पट्टी लावली. साडेसहा.

त्यांनी बोळातून गाडी पळवायला लावली आणि अचानक हात वर केला. चारही बोटं लिव्हरवर बसली. गाडी जागच्या जागी थांबली. मी गाडी मागे नेली आणि परत एकदा थांबवून बघितली. आनंद झाला असता तर बरं झालं असतं. मला वाटत राहिलं की दोन तासांचं काम होतं, नुसतं दोन तासांचं.

पुढच्या रविवारी मी गेले. साहेबांना लांबूनच दिसलं. जवळ येऊन त्यांनी टायरच्या पाचरीवर बोट ठेवलं, जणू गाडीला गळू झालंय. मी शब्द मोडला, एका चांगल्या गाडीची वाट लावली, असं ते सगळ्यांसमोर म्हणाले, नेहमीच्याच मऊ आवाजात.

मी म्हटलं, "मी घाबरले नव्हते. ब्रेकला हात पोचत नव्हता. वहिनींचाही पोचला नव्हता, आणि तुम्हाला ते माहीत होतं."

एकानं बाटलीचं झाकण उघडून पाणी प्यायलं. दुसरा टायर दाबून हवा बघू लागला. साहेब म्हणाले, उशीर होतोय, निघू या. आणि ते सगळे निघाले, एकामागे एक, नेहमीच्या क्रमानं. त्या आठ पाठींकडे बघताना मला राग आला नाही. उतरंडीतलं नासलेलं काही नाकाशी आल्यावर होतं तसं झालं. मी गाडी उलटी फिरवली. त्यानंतर त्यांच्याबरोबर कधी गेले नाही.

चार-पाच दिवसांनी संध्याकाळी वहिनी माझ्या क्वार्टरवर आल्या, एकट्या. रविवारचं त्यांच्या कानावर गेलं होतं. चहाला नको म्हणाल्या आणि गाडी बघायला मागितली. मी ती गॅलरीतून आत आणली. त्यांनी पर्स खाली ठेवली, पदर खोचला, हँडल धरलं. वाकडी करंगळी बाहेर राहिली, बाकीची बोटं लिव्हरवर आली. त्यांनी ओढला. सोडला. परत ओढला.

"इतकंच होतं?" त्या म्हणाल्या.

मी हो म्हटलं. पाचर कशी बसवली ते दाखवलं, त्यांनी खाली वाकून नीट पाहिलं. मी त्यांना म्हटलं की एकदा खाली मैदानात चालवून बघा. त्यांनी मान हलवली. आता नको, म्हणाल्या, आता त्या वस्तूला हात लावला की अंगावर काटा येतो. पर्स उचलून त्या बेसिनपाशी गेल्या, हात धुतले, माझ्या टॉवेलला न पुसता तसेच ओले घेऊन जिना उतरल्या.

मी ती सायकल आणखी तीन वर्षं चालवली, एकटीनं, पहाटे. ब्रेक कधी चुकला नाही. एन्नोरचा रस्ता मात्र टाळत राहिले.