सरकारची हमी आणि घरचं माणूस

नोंद असावी: यंदाच्या चौदा मार्चला, सरकारी हमी असलेले कर्ज मागायला आलेल्या एका विधवेला बँकेने ‘घरचं कोणीतरी घेऊन या’ असे सांगून परत पाठवले. तिच्या घरी कोणीही नाही, हे समोरच्या साहेबांना पक्के ठाऊक होते. त्यांचीच धाकटी लेक दोन वर्षे या बाईच्या मांडीवर झोपली होती.

सगळे तिला मावशी म्हणतात. आईबाप कामावर गेले की त्यांची तान्ही सांभाळायची, हा तिचा धंदा. या धंद्यात मूल बोलू लागले, धावू लागले की शाळेत जाते, आणि मावशीचा त्या घराशी संबंध संपतो. एक गेले की दुसरे येईल, अशी स्वतःची जागा असावी म्हणून तिने पाळणाघर काढायचे ठरवले. तळमजल्यावरच्या दोन खोल्या बघितल्या. मालकाने भाड्यासाठी महिनाअखेरपर्यंत थांबायचे कबूल करून किल्ली दिली, तशी तिने दारांच्या कडांना जुने रबर लावले आणि दप्तरांच्या खुंट्या गुडघ्याच्या उंचीवर ठोकल्या. जाळ्या, गाद्या आणि छोट्यांचे न्हाणीघर तेवढे कर्जावर अडले होते. सरकारी कर्जयोजनेच्या सभेत स्वच्छ सांगितले होते, जामीनदार लागत नाही, हमी सरकारची.

‘‘सरकारनं माझी हमी घेतलीय ना?’’ तिने साहेबांना विचारले.

साहेब हसले. ‘‘तुमची नाही हो मावशी, कर्जाची. आणि तीही आम्हाला. तुम्ही बुडालात तरी बँक बुडू नये म्हणून.’’

‘‘बरं, बँक तरली. मग आता घोडं कुठं अडलं?’’

‘‘अडलं नाही. नवऱ्याची, भावाची, कोणाची तरी सही आणा. आपलं आमच्या समाधानासाठी.’’

‘‘सरकारपेक्षा माझा नवरा भरवशाचा? तो असता तर हे ऐकून पोट धरून हसला असता.’’ मग ती जरा पुढे वाकली. ‘‘तुम्हीच करा की सही, पिल्लूचे बाबा.’’

‘‘मला इथं बसून नाही चालत. तुम्ही आम्हाला घरच्यासारख्या आहात, पण...’’

त्या ‘सारख्या’पाशी मावशी उठली.

संध्याकाळी तिने आणखी एक दार वाजवले. या घरातला मुलगा तिच्या बोटाला धरून चालायला शिकला होता.

‘‘अय्या, मावशी! वाळलात किती!’’ मुलाची आई दारातच उभी राहिली. सहीचे ऐकून तिने पदर सारखा केला. ‘‘तुम्ही अगदी घरच्यासारख्या हो. पण ह्यांना विचारावं लागेल, आणि ह्यांचा स्वभाव तुम्हाला माहीतच आहे.’’

आतून मुलाची, वयात येताना फुटू लागलेल्या आवाजात हाक आली, ‘‘आई, कोण आहे गं?’’

‘‘कोणी नाही रे, मावशी आहेत!’’

मावशीने तो आवाज पहिल्यांदाच ऐकला. त्याला बाहेर बोलवावे असे तिच्या अगदी ओठांवर आले होते. ‘‘असू दे, अभ्यास करत असेल,’’ म्हणून ती जिना उतरली.

घरी न जाता ती तळमजल्यावरच्या खोल्यांत गेली. पिशवी अडकवायला हात वर गेला, भिंतीवर फिरला आणि मग खाली आला. एवढ्या खुंट्यांमध्ये तिची एकच पिशवी, तीही जमिनीला टेकलेली. शेजारच्या घरात कोणाचे तरी तान्हे रडू लागले. ते उगी होईपर्यंत ती भिंतीला कान देऊन उभी होती.

वाचकहो, तिला जामीनदार मिळवून देऊ नका. नियमाने तो लागतच नाही. ज्यांची मुले तिने वाढवली, त्यांनी महिना संपण्याआधी तिच्याबरोबर बँकेत जावे, तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसावे आणि नियमात नसलेली सही कशासाठी हवी, हे साहेबांकडून लेखी घेतल्याशिवाय उठू नये.